हात काढायची वेळ

१

अमरावतीत जवाहर गेटच्या आत माझे दोर-कप्प्यांचे दुकान आहे. मोटेचा नाडा, रहाटाची साखळी, इंजिनाचा पट्टा, विहिरीला लागणारी कुठलीही वस्तू माझ्याकडे मिळते. नसली तर बसा, चहा घ्या, मागवून देतो. शाळा मी चौथीत सोडली. पुढचे सगळे गिऱ्हाइकांनी शिकवले. वरूडच्या एका संत्रेवाल्याने तर चांगलाच धडा दिला. त्याच्या पाटीत वरची संत्री नारळाएवढी, खालची लिंबाएवढी. तेव्हापासून कुठलाही माल समोर आला की मी आधी तळाशी हात घालतो.

सकाळी दुकान उघडायच्या आधी लोकांना पोहायला शिकवणे हा माझा जुना नाद. त्यात कमाई नाही, आनंद आहे. माझी रीत साधी. मी विहिरीच्या पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो. शिकणाऱ्याला पाण्यावर पालथा झोपवतो आणि त्याच्या पोटाखाली माझा उजवा हात देतो. तो हातपाय मारतो, पाणी पितो, देवाला आणि मला आलटून पालटून हाका मारतो. असे बरेच दिवस चालते. मग एका सकाळी, त्याला न सांगता, मी हात काढून घेतो. सांगून काढला तर माणूस बुडतो, न सांगता काढला तर पोहतो. तो दिवस कुठला हे त्याला कळता कामा नये. ते फक्त वस्तादाला ठाऊक असते.

बडनेऱ्याच्या रेल्वेतला एक बुकिंग क्लार्क माझ्याकडे आख्खा पावसाळा शिकला होता. हात काढला त्या दिवशी तो विहिरीला दोन फेऱ्या मारून आला आणि मला म्हणाला, "शेटजी, आज तुमी जरा घट्ट धरलं होतं, म्हणून जमलं." मी हसून म्हटले, "उद्या आणखी घट्ट धरतो." असा हा धंदा.

पुण्याला धरण फुटून पूर आला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. भगवंतराव वकील आमच्या व्यायामशाळेचे अध्यक्ष. पुराच्या बातम्या वाचून त्यांनी ठरवले की अमरावतीचे स्वतःचे बचावपथक हवे. त्यांनी मुंबईहून यंत्र आणवले: पाठीवर बांधायची हवेची टाकी, तिची रबरी नळी, दातांत धरायची तोटी आणि डोळ्यांवर काचेचा मुखवटा. आणि ते शिकायला मला मुंबईच्या गोदीतल्या एका निवृत्त पाणबुड्याकडे धाडले.

खरे सांगतो, पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेतला तेव्हा मला रडू आले. आयुष्यभर दोर मोजणाऱ्या माणसाला कुणी आकाशात चालायला लावावे तसे झाले. परत आलो तर भगवंतराव दुकानात येऊन बसलेलेच.

"मोतीरामजी, आता तुम्ही पथकाचे कायमचे शिक्षक. पोरांना आधी पोहणे, मग हे यंत्र. हो म्हणा."

"वकीलसाहेब, दुकान?"

"दुकान काय पळून जातं? पुरात माणसं वाहून जातात."

घरी अनसूयेने विचारले, "या वयात माशाचा जन्म घेता का आता? अन् उद्या एखाद्या पोट्ट्याचं बरंवाईट झालं, तर त्याची माय कोणाच्या दारात येऊन बसन?"

तिचे हे दुसरे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. मी भगवंतरावांना म्हटले, आधी थोडे दिवस पोरांना पोहायला शिकवतो. मग सांगतो, शिक्षक होतो की नाही.

२

विहीर भगवंतरावांनीच शोधली होती. नांदगाव पेठेच्या वाटेवर माणिकबाई नावाच्या एका बाईचे शेत होते, त्यातली. जुनी, चिरेबंदी, एका बाजूने पाण्यात उतरत गेलेल्या रुंद पायऱ्या. भाडे विचारले तर बाई म्हणाली, "कायचं भाडं? शिका."

फुकट म्हटले की मी माल दुप्पट तपासतो. मी इकडेतिकडे पाहिले. चैत्र संपत आला होता, आजूबाजूच्या विहिरींनी तळ दाखवला होता, आणि ही काठोकाठ नाही तरी भरपूर भरलेली. ओंजळीने पिऊन पाहिले, पाणी गोड. पण मोट ओतायच्या थारोळ्यावर दोर घासल्याची एक खूण नव्हती. मोट नाही, रहाट नाही, इंजिन नाही. हाकेच्या अंतरावर माणिकबाईचीच भाजी पाण्यावाचून वाळत होती आणि ती शेजारच्या मळ्यातून डोक्यावर घागर आणत होती.

भगवंतराव म्हणाले, "पिण्याची विहीर नाही हेच बरं. कोण उतरला, कोण नाही, हा वाद नको."

त्यावर पथकात आलेला देवमन हसला. देवमन बांधकाम खात्यात मोजणीच्या कामावर होता. घरच्यांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली तेव्हा तो मॅट्रिकला होता. "वकीलसाहेब," तो म्हणाला, "लहानपणी आमाले विहिरीच्या काठाले उभं राहू देत नव्हते. आता तुमी म्हणता आत उडी मार. तरक्की त झाली म्हणायची!"

भगवंतरावांनाही हसावे लागले. त्यांचा पुतण्या गोपाळकृष्ण मात्र हसला नाही. तो पाण्याकडे बघत होता. कॉलेजात शिकणारा, उंच, नाजूक पोरगा. आंघोळीलाही तांब्या लांब धरणाऱ्यांतला.

पहिल्या सकाळी मी त्यालाच आधी घेतला. भित्रा आधी घ्यावा, बाकीच्यांची भीती त्याच्या अंगावर जाते. त्याला पालथा झोपवला, हात दिला. पोट आवळलेले, थरथरणारे, जसे असायला हवे तसे. तेवढ्यात माझ्या पायाखालची शेवाळलेली कडा सुटली, मी घसरलो आणि हात निघाला.

सावरून वर पाहिले तर गोपाळकृष्ण विहिरीच्या मध्यावर होता. शांतपणे हात मारत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला, वळला, परत आला. एक थेंब पाणी त्याच्या तोंडात गेले नाही.

मग देवमन. त्यालाही जमले. मग बाकीची पाच-सहा पोरे. सगळी, त्याच सकाळी.

भगवंतराव वरून टाळ्या वाजवत होते. मीही हसत होतो. पण दुकानात बसल्यावर हसू येईना. पहिल्या बोलीला जो माल आख्खा उठतो, त्यात काहीतरी असते. विकणाऱ्याला ते ठाऊक नसले तर घेणाऱ्याला ठाऊक असते.

३

आठवडाभर हेच चालले. मी पायरीवर उभा राहायचो, पोरे पाण्यात. मला काम उरले नव्हते. मी त्यांच्याकडे बघत बसायचो. बघून बघून एक गोष्ट ध्यानात आली: आवाज नव्हता. नवशिक्या पाण्याला बदडतो, धपाधप वाजतो. ही पोरे सरकत होती. विहिरीत त्यांच्या बोलण्याचा घुमारा यायचा, हसण्याचा यायचा, पण पाण्याचा आवाज नाही.

एका सकाळी देवमन बाहेर येऊन अंग पुसता पुसता म्हणाला, "भाऊ, तुमचा हात लय थंडा आहे."

"केव्हाचा?"

"आताचा. पोटाखालचा."

"अरे, मी तर इथं पायरीवर बसलो होतो. बिडी ओढत."

देवमनने माझ्याकडे पाहिले, बिडीकडे पाहिले. मग टॉवेल खांद्यावर टाकला. "मस्करी करता का मोतीरामभाऊ? तुमी त हात काढलाच नाही अजून. पहिल्या दिवसापासून नाही काढला."

मी बाकीच्यांना सहज विचारल्यासारखे विचारले. सगळ्यांचे एकच म्हणणे. तुम्ही धरता म्हणून जमते.

मी मनाची समजूत घातली. पागोटे उतरवले तरी घटकाभर डोक्याला ते जाणवत राहते. पोटाच्या कातडीला हात आठवत असेल. बुकिंग क्लार्कही असेच म्हणाला होता. पण एवढ्या पोरांना मी एकेकदाच, तेही घटकाभर, धरले होते. देवमनला तर धरल्याचे मला आठवत नव्हते. आणि माझा हात थंड नसतो. दोर वळून माझ्या तळव्याची पायताणे झाली आहेत, त्यात ऊबच जास्त.

परतताना मी माणिकबाईच्या झोपडीशी थांबलो. पाणी मागितले, गप्पा काढल्या, पिकाचे विचारले. मग म्हटले, "बाई, एवढी गोड विहीर, तुमी तिचं पाणी काहून नाही भरत?"

"विहीर चांगली आहे."

"मंग?"

"मी नाही जात तिकडं."

"पण कारण?"

ती चुलीवरची भाजी उलथू लागली. मी उठायला लागलो तेव्हा म्हणाली, "मले शिकायचं नाही."

४

तळ पाहायचा असेल तर पाटी दुसरीकडे उपडी करावी लागते. अकोल्याकडे माझ्या साडूचे शेत आहे, खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरीचे पाणी खारट, जनावरे तोंड लावत नाहीत. पण खाऱ्या पाण्यात माणूस सहसा लवकर बुडत नाही, म्हणून परीक्षा घ्यायला ती बरी. रविवारी दोर आणायचे निमित्त करून मी देवमनला आणि गोपाळकृष्णाला सोबत घेतले. गाडीत गोपाळकृष्ण खुशीत होता. आपणच पुढे पथकाचा शिक्षक होणार असे तो बोलायला लागला होता.

"काका, तुम्ही नाही म्हणालात तर भगवंतकाका मलाच नेमणार आहेत. मुंबईला पाठवणार आहेत."

"अन् तुले शिकवता येईल?"

"शिकवायचं काय त्यात? पाण्यात सोडायचं. जमतंच की."

देवमन खिडकीबाहेर बघत होता. 

साडूची विहीर अरुंद, पण पायऱ्या आहेत. मी कमरेला दोर बांधून आधीच पाण्यात उतरलो. देवमन म्हणाला, "मी मागून येतो." गोपाळकृष्णाने कपडे काढले आणि पायरीवरून अलगद पाण्यावर आडवा झाला, रोजच्यासारखा.

तो बुडाला.

तडफडला नाही. ओरडला नाही. त्याचे हात पाण्याखाली तसेच चालत होते, अगदी बरोबर, मी शिकवतो त्या तालात, आणि तो खाली खाली जात होता. डोळे उघडे. चेहऱ्यावर भीती नव्हती. आता कुणीतरी धरेलच, अशी वाट पाहणारा चेहरा.

मी बुडी मारली, केसांना धरला, ओढला. पायरीवर पालथा घालून पाणी काढले. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिला शब्द उच्चारला तो असा:

"हात कुठं गेला?"

देवमन पायरीवर बसला होता. त्याने पाण्यात फक्त पाय सोडले आणि खाली सरकून छातीपर्यंत स्वतःला बुडवून पाहिले. लगेच वर आला. 

"भाऊ, आमाले पोहता येत नाही," तो म्हणाला. "एकालेही नाही. आमाले कोणीतरी धरून राहिलं."

त्याचे बोलणे मी तिथल्या तिथे खोडून काढायला हवे होते. शहाणा माणूस आहे मी, हिशेबी आहे. पण माझ्या डोक्यात वेगळाच विचार आला होता. धरून राहिलेय ते ठीक. पण धरणारा कायम धरत नसतो. एका सकाळी, न सांगता, हात काढून घेतो. हीच तर रीत आहे.

५

भगवंतरावांनी सगळे ऐकून घेतले आणि चष्मा पुसला. "मोतीरामजी, तुम्ही सज्जन माणूस. पण हे मला कोर्टात मांडता येईल का? पाय आखडला असेल पोराचा. तोच म्हणतो, पाय आखडला."

"त्याचे हातपाय चालू होते, साहेब. मी पाहिलं."

"तुम्ही घाबरला होता." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुम्हाला नाही जमत तर सांगा. रागावणार नाही. पुढल्या रविवारी जिल्ह्याचे मोठे साहेब पथक बघायला येणार आहेत, त्याच विहिरीवर. पोरं उतरणारच. तुम्ही असाल किंवा गोपाळ असेल."

म्हणजे नकार देऊन मी सुटलो असतो, पोरे सुटली नसती. आणि होकार दिला तर त्यांना पाण्यात घालणारा मी. दोन्हीकडून पाटी माझ्याच डोक्यावर. मी म्हटले, "त्याच्या आदल्या दिवशी सकाळी या. मी यंत्र घालून तळापर्यंत जातो. वर आलो की उत्तर देतो. तोवर एकही पोरगं पाण्यात जाता कामा नये."

"कबूल," ते म्हणाले.

अनसूयेला मी विहिरीचे काही सांगितले नव्हते. पण त्या दिवशी जेवताना तिने माझा उजवा हात धरला, उलटा केला, तळवा पाहिला.

"काय झालं?" मी विचारले.

"काही नाही. झोपेत तुमी हात असा धरून राहिले रातभर," ती म्हणाली आणि आपला पालथा तळवा वळवून आभाळाकडे केला. "काही तोलून धरल्यावानी. मी खाली करू पाहिला, त होईना."

६

शनिवारी ऊन लवकर चढले. पोरे भगवंतरावांसोबत वर कठड्याशी बसली होती. देवमनला मी पायरीवर उभा केला, माझ्या कमरेचा दोर त्याच्या हाती. माझ्याच दुकानातला दोर, त्याच्यावर माझा भरवसा. टाकी पाठीवर, मुखवटा डोळ्यांवर, तोटी दातांत. मी पायरी सोडली.

पाण्याखाली एकच आवाज असतो, आपल्या श्वासाचा. आत घेताना खरखर, सोडताना बुडबुडे. मी त्या आवाजाला धरून खाली गेलो. चिरे हिरवे, मग काळे. तळाशी गाळ, एक फुटका डेरा, एक दगडी उखळ. मी उखळाखाली हात घातला, डेऱ्यात घातला. काही नाही. भिंतीला कोनाडा नाही, भुयार नाही. चक्क रिकामी विहीर. मला इतके हलके वाटले की मी तोटीतच हसलो. मोतीराम, म्हटले, तू म्हातारा झालास.

मग मी वर पाहिले.

वर विहिरीचे तोंड पांढऱ्या ताटासारखे दिसत होते आणि त्या ताटात एक माणूस उतरला. लांब, नाजूक. गोपाळकृष्ण. भगवंतरावांनी मला दिलेला शब्द मोडून, त्यांच्यासमोर पोहून दाखवायला.

तो माझ्या डोक्यावर सरकत मध्यावर आला. मी वर जाऊ लागलो. त्याच्या अंगाची खालची बाजू मला स्वच्छ दिसत होती. छाती, पोट, पाय. त्याच्याखाली कुणी नव्हते. मी पुन्हा पुन्हा पाहिले, पाणी काचेसारखे होते, कुणीही नव्हते. फक्त त्याचे पोट आत दबलेले होते. मऊ कणकेवर तळवा दाबावा तसा एक रुंद खळगा, आणि त्याच्यापुढे पाच बोटांचे लहान खळगे.

मी हात काढतो तेव्हा एकदम नाही काढत. आधी तळवा सोडतो आणि बोटांची टोके ठेवतो, म्हणजे पोराला कळत नाही. ही खोड मी कुणाला कधी सांगितलेली नाही.

माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या पोटावरचा तळव्याचा खळगा भरून आला. पाच टोके राहिली. मग करंगळीचे गेले. मग तिच्या शेजारचे.

मी पाय मारले. कसा पोचलो मला माहीत नाही. उजवा हात वर लांबवला आणि त्या उरलेल्या खळग्यांखाली घातला.

माझा तळवा आणि त्याचे पोट यांच्या मध्ये काहीतरी होते. थंड. ते दचकले नाही. जरा बाजूला सरकून त्याने माझ्या हाताला जागा करून दिली, आणि मग माझ्या हाताच्या पाठीवर दोनदा थोपटले. दुकान बंद करताना आपण किल्ली दुसऱ्याच्या हातात देतो आणि वरून थोपटतो ना, अगदी तसे.

मग गोपाळकृष्णाचे वजन आले. पाण्यातले हलके वजन नव्हे, जमिनीवरचे पूर्ण वजन, एवढ्या दिवसांचे साठलेले असावे तसे. माझा खांदा निखळायला आला. मी दोराला हिसका दिला. देवमनने दोघांनाही ओढले.

७

गोपाळकृष्ण पायरीवर पालथा पडून खोकत होता. भगवंतराव खाली धावत येत होते, धोतराचा सोगा ओला. वरची पोरे कपडे काढून पायऱ्यांवर आली होती, मदत करायला म्हणून, एकामागे एक, पाण्यात शिरण्याच्या बेतात. बिचारी. आपल्याला पोहता येते अशी त्यांची खात्री होती. मला तोटी तोंडातून निघेना.

देवमन त्यांच्यापुढे हात पसरून आडवा उभा राहिला. "एकानंही पाण्याले पाय लावला त याद राखा!" तो ओरडला. "भाऊ बोलत नाही तोवर कोणी हलायचं नाही!"

सगळे थांबले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी अजून कमरेएवढ्या पाण्यातच उभा होतो, टाकीच्या वजनाने वाकलेला.

भगवंतराव पुतण्याजवळ बसले होते. त्यांचा हात त्याच्या पाठीवर होता. मघाशी तो पोहत असताना त्यांनीही काही पाहिले असावे, कारण त्यांनी पाय आखडल्याची गोष्ट काढली नाही. चेहरा पांढराफटक पडला होता. ते म्हणाले, "मोतीरामजी, ही पोरं… यांना खरंच येत नाही?"

मी तोटी ओढून काढली. "नाही."

"मग आता?"

मी विचार केला. जास्त नाही केला, दोर विकताना लागतो तेवढाच. या पोरांना पाणी सोडा म्हणून सांगून उपयोग नव्हता. आपल्याला येते असे ज्याला वाटते तो आज ना उद्या कुठल्यातरी पुरात उडी घेणारच. त्यांना पहिल्यापासून शिकवायला हवे होते, नाकातोंडात पाणी जाऊन, रडून, शिव्या देऊन, महिनोन्महिने. आणि ते कुणीतरी ऊब असलेल्या हाताने करायला हवे होते.

"उद्याचा कार्यक्रम बंद," मी म्हटले. "या विहिरीत परत कोणी उतरायचं नाही. अकोल्याला माझ्या साडूच्या विहिरीवर शिकवीन, एकेकाला, सुरुवातीपासून. कबूल असेल तर मी तुमचा शिक्षक. कायमचा."

"कबूल," भगवंतराव म्हणाले. या वेळी मान खाली घालून म्हणाले.

देवमनने सुस्कारा सोडला. पोरे एकेक करून पायऱ्या चढू लागली. गोपाळकृष्णाला दोघांनी काखेत घेतले. देवमन मला हात द्यायला वाकला.

"चाला भाऊ, बाहेर या."

माझा उजवा हात पाण्याखालीच होता, तळवा वर, मघापासून तसाच. मी तो उचलणार तोच त्याच्यावर कुणीतरी अलगद येऊन आडवे झाले.

दिसत काही नव्हते. पण पोट होते. गार, आवळलेले, थरथरणारे. पहिल्या दिवशी शिकणाऱ्याचे असते तसे. ते धापा टाकत होते आणि त्याने माझ्या मनगटाला दोन्ही बाजूंनी घट्ट धरले होते.

"भाऊ?" देवमन म्हणाला. "काहून थांबले?"

"तू हो पुढं," मी म्हटले. "मी येतो."

तो वर गेला. विहिरीत कुणी उरले नाही. मी पायरीवर उभा राहिलो आणि हात काढला नाही.